मदनसुंदरीने शिरं चुकीची का जोडली? (वेताळपंचविशीतली सहावी गोष्ट)

ओटीतली सिस्टर, नागपूर

नमस्कार मंडळी. वेताळपंचविशीतली ती शिरांच्या अदलाबदलीची गोष्ट कथासरित्सागराच्या मराठी भाषांतरात वाचली, आणि तेव्हापासून ती मनातून जात नाहीये. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. शोभावती नगरीत गौरीचं देऊळ, जवळच गौरीतीर्थ नावाचं तळं. आषाढ शुद्ध चतुर्दशीला तिथे दुरून दुरून लोक स्नानाला येतात. धवल नावाचा तरुण धोबी तिथे येतो आणि त्याला मदनसुंदरी दिसते. तीही धोब्याचीच मुलगी. बोलणं-चालणं काही नाही, नुसती दिसते. तो तिचं नाव-गाव काढून घरी जातो आणि अन्नपाणी सोडतो. बाप म्हणतो, यात झुरण्यासारखं काय आहे? जात एक, धंदा एक, ते मला ओळखतात, मी त्यांना ओळखतो. झालं, लग्न लागतं. काही दिवसांनी मदनसुंदरीचा भाऊ देवीच्या उत्सवाचं बोलावणं घेऊन येतो. तिघं निघतात. वाटेत देऊळ लागतं. धवल म्हणतो दर्शन घेऊ, मेहुणा म्हणतो रिकाम्या हाताने कसं जायचं? मग धवल एकटाच आत जातो. अठरा हातांची देवी पाहून त्याला वाटतं, लोक हिला जिवांचा बळी देतात, मग मी स्वतःलाच का देऊ नये? तिथेच कोणीतरी वाहिलेली तलवार पडलेली असते. तो शिर कापून घेतो. मेहुणा शोधायला जातो, ते पाहतो आणि तोही तेच करतो. शेवटी मदनसुंदरी आत जाते. दोघांची धडं पाहून ती देवीची प्रार्थना करते की पुढच्या ज्या जन्मी जाईन तिथे हेच दोघं माझा नवरा आणि भाऊ होवोत, आणि अशोकाच्या झाडाला फास बांधते. तेवढ्यात देवी बोलते, पोरी, साहस करू नकोस, एवढ्या लहान वयात तू दाखवलेल्या धैर्यावर मी प्रसन्न आहे, शिरं धडांना जोड, दोघं उठतील. ती आनंदाच्या भरात जोडते आणि अदलाबदल होते. नवऱ्याचं शिर भावाच्या धडावर, भावाचं नवऱ्याच्या. दोघं उठून उभे राहतात.

वेताळ विचारतो, आता तिचा नवरा कोण? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं शिर तो, कारण सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ आणि माणसाची ओळख शिरावरूनच. वेताळ पुन्हा झाडावर.

मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे ऑपरेशन सुरू झालं की पेशंटचा चेहरा आम्हाला दिसत नाही. हिरव्या ड्रेप्सच्या पलीकडे डोक्याशी भूल देणारे डॉक्टर असतात, आमच्या बाजूला फक्त उघडी ठेवलेली चौकट. म्हणून चेहऱ्यावर कोणी विसंबत नाही. मनगटावर पट्टी असते, कुठल्या बाजूचा गुडघा ते मार्करने लिहिलेलं असतं, आणि ब्लेड हातात देण्याआधी सगळे थांबतात. नाव मोठ्याने, ऑपरेशन मोठ्याने, बाजू मोठ्याने. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये याची यादी काढली, ती आमच्या भिंतीवर लावलेली आहे. हे सगळं एवढ्यासाठीच की घाईत माणसाचे हात चुकतात आणि ती घाई काळजीपोटीचीच असते. म्हणून मदनसुंदरीचे हात थरथरताना मला अगदी जवळून दिसतात. तिला कोणी थांब म्हटलं नाही.

पण नुसती घाई म्हटलं की गोष्ट संपते, आणि मला ती संपल्यासारखी वाटत नाही.

माझं साक्षगंध झालंय. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. तो चंद्रपूरला नोकरीला असतो, घरच्यांनी जमवलंय, रोज रात्री फोन होतो. त्याचा चेहरा आणि आवाज मला पाठ आहे. पण जिन्यावरून उतरताना तो कठड्याला हात लावतो की नाही, ताट कसं धरतो, थकला की खांदे कसे पडतात, यातलं मला काही माहीत नाही. गोष्ट त्यालाही वाचून दाखवली. तो म्हणाला, राजाचं बरोबर आहे, डोकं म्हणजेच माणूस, यात वाद काय? आणि आमचा चांगला दीड तास वाद झाला. मला वाटतं, मदनसुंदरी नवी नवरी होती. नवऱ्याचं शिर तिला ओळखता आलं, धड अजून ओळखीचंच झालं नव्हतं. तळ्याकाठी धवलला तरी दुसरं काय दिसलं होतं? एकदा पाहिलेला चेहराच ना.

दुसरी गोष्ट म्हणजे हा भाऊ. प्रेमाच्या गोष्टीत भाऊ काहून आणला असेल? मित्र असता तर समजलं असतं. आणि तिसरं असं की निवाडा राजा करतो, विचारणारा वेताळ, पण मदनसुंदरीला एका शब्दाने कोणी विचारत नाही. तुम्ही ही गोष्ट कशी वाचता?

---

रामगिरी

ताई, प्रश्न फार मनापासून विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. मी रामटेकचा, संस्कृतचा निवृत्त शिक्षक.

भावाबद्दल तुम्हाला जे खटकलं ते अनेकांना खटकलं आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात कथासरित्सागर रचला, त्यात नवरा आणि भाऊ आहेत. याच गोष्टीच्या दुसऱ्या परंपरेत भावाच्या जागी मित्र येतो. जर्मन लेखक थॉमस मान यांनी १९४० मध्ये यावर लघुकादंबरी लिहिली, तीत मित्रच आहे. गिरीश कर्नाडांच्या ‘हयवदन’ नाटकातही (१९७१) देवदत्त आणि कपिल हे मित्र. विजया मेहतांनी ते नाटक मराठीत केलं तेव्हा अनेकांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली. मित्र आणला की अर्थ सोपा होतो. नवरा बुद्धीचा, मित्र बलदंड, बाईला दोन्ही हवं, आणि शिरं जोडताना तिची इच्छा हातांतून बोलून जाते. सोमदेवाच्या गोष्टीत तो अर्थ बसवता येत नाही. भावाच्या बाबतीत तशी इच्छा कल्पिणं म्हणजे गोष्टीवर अन्याय आहे. त्यामुळे मान किंवा कर्नाड वाचून आलेल्यांनी सोमदेवाकडे पाहताना ती किल्ली बाजूला ठेवावी.

आता राजाच्या उत्तराबद्दल. मी तुमच्या होणाऱ्या यजमानांच्या बाजूचा आहे. आमच्या गडावर उभं राहून मेघदूत शिकवण्यात माझी वर्षं गेली. संशोधक वा. वि. मिराशींनी रामटेक म्हणजेच कालिदासाचा रामगिरी असं साधार मांडलं, ते आम्हाला अभिमानाचं आहे. त्या काव्यात यक्ष मेघाबरोबर निरोप धाडतो, पण बायकोने त्या ढगावर विश्वास का ठेवावा? खूण काय? यक्ष अंगठी देत नाही, वस्त्र देत नाही. तो एक आठवण देतो. एकदा माझ्या गळ्याला बिलगून झोपली असताना तू रडत जागी झालीस, मी कारण विचारलं तेव्हा हसून म्हणालीस, लबाडा, तू दुसरीबरोबर रमलेला स्वप्नात दिसलास. हे दोघांखेरीज कोणाला ठाऊक असणार? एवढ्यावर ओळख पटते. ही आठवण धडात राहत नाही. ज्याच्या शिरात ती राहते तो नवरा. राजा कोरडं शास्त्र सांगत नव्हता, असं माझं मत आहे.

---

कन्हानकाठ

ताई, सर, मी कामठीचा. आम्ही वरठी, म्हणजे धोबीच. आजोबांनी कन्हानच्या घाटावर आयुष्य काढलं. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा पुरी वाचली, आणि ज्यावर कोणी काही बोललं नाही त्याच्यावर मी बोलतो. हे सगळे लोक धोबी आहेत.

पहिलं. ताई म्हणतात धड ओळखीचं नव्हतं. मी म्हणतो दोन धडं सारखीच होती. एका वयाची दोन पोरं, लहानपणापासून एकच काम. कपडा उचलून दगडावर आपटणारा खांदा कसा होतो ते मी घरात पाहिलं आहे. उजवा डाव्यापेक्षा भरलेला, पाठ वरून रुंद, सोड्याच्या पाण्याने बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, पिंढऱ्या कायम थंड. आजोबा आणि त्यांचे साळे घाटावर पाठमोरे उभे असले की आजी हाक मारून खात्री करायची. धवल आणि त्याचा मेहुणा राजपुत्र असते, वाणी असते, तर काही फरक असता. इथे तो नव्हता.

दुसरं, आणि हे मला फार लागलं. धोब्याच्या धंद्याची अब्रू एकाच गोष्टीत असते. ज्याचा कपडा त्याच्याच घरी गेला पाहिजे. शंभर घरचे पांढरे कपडे एका भट्टीत जात, म्हणून प्रत्येकावर बिब्ब्याची खूण. बिब्ब्यात सुई बुडवायची आणि कोपऱ्यात बारीक ठिपके, रेघा काढायच्या. किती भट्ट्या लागल्या तरी ती खूण जात नाही. आजोबांना लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या बंगल्याचे दोन ठिपके आणि कुठल्याची फुली हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. घरातल्या पोरी सात-आठ वर्षांच्या झाल्या की खुणा लावून घड्या वेगळ्या करत. मदनसुंदरी अशाच घरची. वेगळं करणं, जोडी लावणं, ज्याचं त्याला देणं, हे तिच्या हातांना तळ्याकाठी दिसायच्या आधीपासून येत होतं. तिच्याच हातून ही अदलाबदल होते. सांगणाऱ्याने तिला धोब्याची मुलगी उगाच केलं असेल असं मला वाटत नाही. घाईचं कारण मला पटत नाही, ताई. आमच्या घरच्या बाया घाईतच काम करत, सणाच्या आदल्या दिवशी तर विचारू नका, पण घड्या चुकत नव्हत्या.

मग काहून चुकली, ते मात्र मला सांगता येत नाही.

---

ओटीतली सिस्टर, नागपूर

दादा, तुमचं उत्तर मी ड्युटी संपल्यावर लॉकर रूममध्येच उभ्या उभ्या वाचलं. बिब्ब्याचं कळल्यापासून गोष्ट मला नव्याने वाचावी लागते आहे. आमची मनगटाची पट्टी आणि तुमचे ठिपके, काम एकच आहे.

सर, मेघदूताची खूण फार सुंदर आहे आणि तुमचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. पण मग आपल्याच विदर्भाच्या दमयंतीचं काय करायचं? ती तर भीमराजाची मुलगी, कुंडिनपूरची. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसतात. पाच नळ, पाची चेहरे तेच. राजाच्या हिशेबाने तिथे ओळख पटायलाच नको. ती देवांनाच विनवते, मग ते आपल्या खुणा दाखवतात, आणि तेव्हा तिला दिसतं की चौघांना घाम नाही, पापण्या लवत नाहीत, माळा टवटवीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याच्या अंगावर धूळ आहे, घाम आहे, गळ्यातली माळ कोमेजली आहे, जमिनीवर सावली पडली आहे. ती त्यालाच माळ घालते. पापणी सोडली तर यातलं काय शिराचं आहे, सांगा. दमयंतीला नळाचं शरीरच सापडलं, थकणारं आणि मळणारं.

म्हणून राजाचं उत्तर अपुरं वाटतं. त्याचं ऐकलं तर मदनसुंदरीला जन्मभर भावाच्या हातांबरोबर संसार करायचा. ज्या हातांनी तिला लहानपणी पाण्यात उतरवलं असेल, राखी ज्या मनगटावर बांधायची, ते हात. दुसरीकडे गेली तर तोंड भावाचं. कुठूनही पाहिलं तरी अंगावर काटा येतो. आमच्या वादात मी हेच म्हणत होते, आणि तो म्हणाला, मग तूच सांग नवरा कोण. मला सांगता आलं नाही.

---

सिंधुताई, वर्धा

बेटा, तुम्ही सगळे शिकलेले आहात, मी मॅट्रिक झालेली बाई. पण भाऊ काहून आणला हा तुझा प्रश्न मला तरी अवघड वाटला नाही. तो मुराळी आहे ना. लग्न होऊन थोडे दिवस झाले, सण आला, भाऊ न्यायला आला. आमच्या वेळी पहिल्या सणाला भाऊ दारात दिसला की पोरीचं काय होत असे ते मला माहीत आहे. अर्धा जीव पिशवी भरायला धावतो, अर्धा जीव नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो की याला वाईट तर नाही वाटलं. माहेरी गेलं की सासरची आठवण, सासरी आलं की माहेरची. त्या दिवसांत बाई कुठल्याच घरची पुरती नसते. ही पोरगी तर दोघांनाही बरोबर घेऊन माहेरच्या वाटेवर आहे. गोष्ट घडते ती घरात नाही, वाटेत घडते. हे तुम्ही कोणी पाहिलंच नाही.

आणि तिची प्रार्थना पुन्हा वाच. ती नवरा जिवंत कर म्हणत नाही. हे दोघं मला नवरा आणि भाऊ म्हणून पुन्हा मिळोत, असं एका दमात मागते. दोघांची नावं एका श्वासात. देवीने जसं मागितलं तसं दिलं, दोघं एकदम, एकमेकांत. कामठीच्या भाऊंना उत्तर हवं होतं ना, तर माझं उत्तर हे. तिचे हात चुकले नाहीत. नवीन लग्न झालेल्या पोरीच्या मनात सासर आणि माहेर जसं कालवलेलं असतं तसंच तिच्या हातून बाहेर आलं. त्यात पाप नाही. वेगळं व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या पोरीला कोणी दिला नाही. नवरा तर देवळात गेला आणि मान कापून मोकळा झाला. त्याच्यावर माझा फार राग आहे. बायकोला बाहेर उभी करून हे काय सुचलं?

तू तुझ्या होणाऱ्या नवऱ्याशी अशा गोष्टींवर भांडतेस हे वाचून बरं वाटलं. आम्हाला लग्नाआधी त्यांचा आवाजसुद्धा माहीत नव्हता.

---

रामगिरी

सिंधुताई, मुराळ्याचा मुद्दा मी इतकी वर्षं शिकवून माझ्या लक्षात आला नव्हता. पुस्तकात समासात लिहून ठेवला आहे.

सिस्टरताई, दमयंतीवरून एक भर घालतो. शिरावर विसंबता येत नाही म्हणून शरीराच्या खुणांकडे जायचं ठरवलं, तर सोमदेवाने तोही रस्ता पुढे अडवला आहे. चोविसावी गोष्ट काढा. राज्य गेलेली एक राणी आणि तिची मुलगी रानातून पायी चालल्या आहेत. शिकारीला आलेल्या बाप-लेकाला त्यांच्या पावलांचे ठसे दिसतात, एक मोठं, एक लहान. दोघं ठरवतात की मोठ्या पावलाची ती आई, ती बापाने करायची, लहान पावलाची ती मुलगी, ती लेकाने. प्रत्यक्षात मोठं पाऊल मुलीचं निघतं. शब्द दिलेला, म्हणून बाप मुलीशी आणि लेक आईशी लग्न करतो. त्यांना मुलं झाली, ती एकमेकांची कोण? इथे राजाला उत्तर सापडत नाही. तो मुकाट चालत राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो तो याच वेळी. तोवर दिलेल्या प्रत्येक उत्तरागणिक प्रेत परत झाडावर गेलं होतं. शिराचं उत्तरही त्यातलंच. राजाच्या उत्तराच्या बाजूचा मी अजूनही आहे, पण त्या उत्तराने राजाचं काम पुढे सरकलं नाही, एवढं कबूल करावं लागेल. तुम्हालाही परवा उत्तर देता आलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते यजमानांना या चोविसाव्या गोष्टीसकट ऐकवा.

मदनसुंदरीचं पुढे काय झालं, ते सोमदेव सांगत नाही.

---

कन्हानकाठ

सर, चोविसाव्या गोष्टीत मला तुमचं पटत नाही. पाऊल मोठं म्हणजे आई, हे त्या दोघांनी मनाने ठरवलं. ठशाने तसं काही सांगितलं नव्हतं. मापावरून कपडा कोणाचा हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, एकाच घरात लेकाचा सदरा बापाच्या सदऱ्यापेक्षा मोठा असतो. खूण पाहावी लागते, आणि खूण लावणाऱ्यालाच ती वाचता येते. सिंधुकाकूंचं मात्र पटलं. आमच्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, धवलवरचा राग काकूंनी कमीच केला. तिचं म्हणणं, तलवार देवळात कोणी ठेवली ते आधी विचारा. चोविसाव्या गोष्टीसाठी वेगळा धागा काढा सर, तिथे लिहितो.